कानामागची टिकली

डॉक्टरांनी कानामागे टिकलीएवढं यंत्र चिकटवल्यापासून रत्नाकररावांचा विसराळूपणा गेला. कंपवातानं हात थरथरायचेच, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की यंत्र कानात सांगायचं, 'गोळी घ्या, वरण खायच्या आधी.' तीन वर्षं हे सांगायचं काम कुमुदताईंचं होतं. आता त्या नुसत्या खिडकीशी बसून असायच्या.

एका दुपारी रत्नाकरराव स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. "अगं, मी इथे कशाला आलो होतो?"

कुमुदताई लगबगीनं उठल्या. "गोळी घ्यायला. बसा, पाणी देते."

पेला त्यांच्या हातात धरवताना कुमुदताईंचं लक्ष कानामागे गेलं. यंत्राचा हिरवा दिवा चालू होता. त्यांनी गोळी काढून पुढे केली.

रात्रीच्या जेवणाआधी ते पुन्हा दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कुमुदताईंनीच विचारलं, "विसरलात ना?"