वाया गेलेला फोटो

मरायला टेकलेल्या एका अवाढव्य ताऱ्याने स्वतःभोवती उधळलेला धूसर वायू त्याला फोटोत पकडायचा होता. दुर्बीण गच्चीवर लावली होती, आणि बाबांच्या खोलीची खिडकी नेमकी गच्चीवरच उघडायची.

"बाबा, आज दिवा लावू नका हं. जराशी तिरीप आली तरी फोटो वाया जातो."

"नाही लावत बुवा! मरणाऱ्याची एवढी बडदास्त? मग आमचा नंबर कधी?" बाबा हसत खोलीत गेले.

कॅमेरा रात्रभर आपोआप फोटो काढत राहिला आणि तो खाली जाऊन झोपला. सकाळी उठल्याउठल्या त्याने सगळे फोटो कॉम्प्युटरवर पाहिले. आधीचे आणि नंतरचे काळेभोर, स्वच्छ होते; मधलाच एक पांढुरका पडला होता.

"लावलाच शेवटी!" असं चरफडत त्याने तेवढा एक फोटो पुसला आणि उरलेले एकावर एक चढवले. हळूहळू ताऱ्याभोवती निळसर वलय उमटलं. सगळा राग विसरून तो ते दाखवायला बाबांच्या खोलीकडे धावला.



बाबा दिव्याच्या बटणाखाली गार पडले होते. दिवा तेवढा आठवणीने बंद केलेला होता.