दुपारची घंटा

दर रविवारी दुपारी बेरिलकाकू आपल्या नवऱ्याला, नॉर्मनकाकांना, वृद्धाश्रमातून आमच्या पबमध्ये जेवायला घेऊन येतात. आम्ही घेण्याआधी हा पब ती दोघंच चालवायची. हल्ली काकांना दिवस-वार उमगत नाहीत, पण तळघरातल्या पिंपातून काढलेल्या बिअरचा एक घोट घेतला की त्या पिंपाबद्दल त्यांना सगळं कळतं.

"पिंप घाईत उघडलंस, पोरी. अजून एक दिवस गाळ खाली बसू द्यायचा होता," आज ते मला म्हणाले.

"चुकलं, काका. तुमच्या हाताखाली शिकायला हवं होतं."

"शिकवलं असतं गं, पण तू बडबडतेस फार."

काकू हसल्या. त्यांनी काकांचं रोस्ट बीफ बारीक कापून दिलं आणि त्यांच्या मिशीला लागलेला फेस पुसला.

जेवणं आटोपून दुपारपुरता पब बंद करायची वेळ होत आली, तसे काका जुन्या सवयीने उठले. काउंटरवरची पितळी घंटा वाजवून ते टेबलांवरचे रिकामे ग्लास गोळा करत फिरू लागले. त्यांना इथे कोणी अडवत नाही. गावातली माणसं मुकाट्याने कोट चढवून निघाली आणि शेवटी एकट्या बेरिलकाकू बसून राहिल्या.

काका त्यांच्यापुढे अदबीने वाकले. "बाई, बंद करतोय आता. घरी कोणी वाट बघत असेल ना तुमची?"

 

आपला ग्लास त्यांच्या हातात देत काकू म्हणाल्या, "बघायचा एक जण."