वीतभर उंच

"तुझं छत माझ्या छतापेक्षा वीतभर उंच होतंय," मामास नावाची शेजारची म्हातारी म्हणाली. "उतरव."

तिलिलानं नकाशा गुंडाळला. तिसऱ्यांदा बदल. अ‍ॅटलासच्या डोंगरातल्या या गावात शेजाऱ्यानं हो म्हटल्याशिवाय भिंत उठत नाही, आणि घोडं तिथंच अडलं होतं. बर्फाआधी घर उभं राहायचं, तर मामासचा होकार आत्ताच हवा होता. नाहीतर तिलिलानं आखलेलं पहिलंवहिलं घर कागदावरच राहणार होतं.

बाहेरून घर गावासारखंच, तांबड्या मातीचं. आत मात्र पोलादी तुळया, उबदार फरशी, भिंतभर काच. म्हातारीला यातलं काहीच खुपत नव्हतं. तिचा सगळा जीव छतात.

"आजी, वीतभरानं काय बिघडतं?"

"इथं कुणाचं छत शेजाऱ्यावर डोकं काढतं का? आणि मधला कठडाही नको. बदाम वाळवायला मला दोन्ही छतं लागतील."

बिही मिस्त्री गालात हसला. "वाद घालू नका, ताई. हिच्या नवऱ्यानं मुलाला शपथ घातली होती, या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. नवरा गेला, पोरगं कुठं आहे कुणास ठाऊक, पण हिनं शपथ मोडू दिली नाही. तिथं तुमची काय कथा?"

नव्या घराच्या मालकाला गावात कुणी पाहिलं नव्हतं. जागा वकिलानं घेतलेली. तिलिलानं वैतागून मालकाला फोन लावला. "छत उतरवलं तर आत उजेड कमी येईल."

"चालेल. त्या म्हणतील तसंच करा."

नकाशातलं छत उतरलं, कठडा गेला. पंचांसमोर होकार देऊन मामासनं तिलिलाच्या हातावर जवाची गरम भाकरी ठेवली. तिलिलाला उगाच भरून आलं.

पहिल्या बर्फाच्या आदल्या दिवशी मालक आला. कानशिलं पिकलेली, खांद्यावर एकच पिशवी. मामासच्या उघड्या दारावरून तो मान खाली घालून पुढं गेला. तिलिलाला रागच आला. जिनं घर होऊ दिलं, तिला साधा सलामही नाही.

आत आल्यावर त्यानं काच पाहिली नाही की फरशी.

"वर जायचा जिना कुठं आहे?"

तिलिला त्याच्या मागोमाग छतावर गेली. पलीकडच्या छतावर मामास उभी होती. एक पाऊल टाकून तो तिकडं गेला. म्हातारीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"उंबरठा नाही ना ओलांडलास?"

"नाही, आई."