स्टिअरिंगवरचं बोट

तुरुंगापासून चार मैलांवर आर्डिथ कोल्बनं पिकअप कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरली.

"सरक इकडं. तू चालव."

कर्टिस जागचा हलला नाही. आठ महिन्यांपूर्वी आत जमा केलेले बूट आज परत पायात आले होते. कमरेचा पट्टा अजून मांडीवरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच होता.

"कोल्बबाई, मला नको. सगळे बघतील."

"बघू देत. असा मान खाली घालून शेजारी बसलास तर मी तुला परत आत न्यायला निघालेय असं वाटतं लोकांना."

आर्डिथ तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. कर्टिसच्या ताटातही तिनं वाढलेलं होतं. आता तुरुंगातून सुटलेल्या माणसांना दारातून गाडीत घालायचं, घरी सोडायचं, कुठं काम मिळतं का बघायचं, हा तिचा उद्योग. सांगितलेलं कुणी नाही. कर्टिससाठी तिनं धान्याच्या कोठारावर शब्द टाकला होता. मक्याची काढणी जोरात होती आणि माणसं कमी होती, पण हजर आजच व्हायचं होतं. कर्टिसच्या डोक्यात मात्र ओमाहाची बस होती. ती अकराला पेट्रोल पंपापाशी थांबते. ओमाहात त्याला ओळखणारं कुणी नव्हतं, एवढंच त्या शहराचं त्याला कौतुक.

"चौकापर्यंत चालव," आर्डिथ शेजारी चढून बसत म्हणाली. "डावीकडं कोठार, सरळ गेलास की अकराची बस. कुठं वळायचं ते तू ठरव. मी एक शब्द बोलणार नाही."

असं वचन तिनं आजवर बऱ्याच जणांना दिलं होतं आणि एकदाही पाळलं नव्हतं.

पिकअप तिच्या नवऱ्याची, एमिलची. रंग तपकिरी, एक दार निळं. एमिलला जाऊन सहा वर्षं झाली, तरी अख्खी काउंटी ती गाडी मैलभरावरून ओळखते. आणि इथल्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की चालवणाऱ्यानं नमस्कारादाखल स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं असतं. बोललं नाही तरी चालतं, पण बोट उचललं नाही तर संध्याकाळपर्यंत चार घरांत त्याची चर्चा होते.

आधी गुरांचा ट्रक आला. ट्रकवाल्याचं बोट वर झालं. मग शाळेची रिकामी बस. तिथंही बोट वर. कर्टिसनं स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं.

"हात मोडलाय का तुझा?"

"ते मला करतायत का? गाडीला करतात."

आर्डिथनं बाहेर कापलेल्या मक्याच्या खुंटांकडं नजर वळवली. "मलाही नव्हते करत," ती म्हणाली. "एमिल गेला त्या हिवाळ्यात मी नुसती ही गाडी घेऊन फिरायची. काम काही नसायचं. दुकानात माझ्याशी काय बोलावं ते कुणाला सुचत नव्हतं, म्हणून बोलतच नव्हते. रस्त्यावर मात्र बोटं वर. ती एमिलची होती, मला कळत होतं. तरी मी घेतली. नाहीतर वेडी झाले असते."

पुढच्या लहान गाडीतल्या बाईनं बोट उचललं, तेव्हा कर्टिसचंही उचललं गेलं. जेमतेम. ती त्याच्याकडं न बघताच निघून गेली, पण त्याला बरं वाटलं. आठ महिन्यांत त्याला कुणी भेटायला आलं नव्हतं.

मग सरळ रस्त्याच्या टोकाला पांढरा ट्रक दिसला. दोघांनीही तो ओळखला. तो लॉवेलचा. गेल्या वर्षीच्या जुलैत, लॉवेलच्या शेतात गोल फिरून पाणी देणाऱ्या यंत्राची तांब्याची तार कर्टिसनं रात्रीतून कापून नेली होती. नवी तार येईपर्यंत एकशेतीस एकर मका उभ्या उभ्या वाळला.

लॉवेलचं बोट लांबूनच वर आलं, सवयीनं, एमिलच्या गाडीसाठी. कर्टिसनंही बोट उचललं. या वेळी नीट, पूर्ण.

गाड्या जवळ आल्या. लॉवेलनं त्याचा चेहरा पाहिला आणि आपलं बोट सावकाश मिटून घेतलं, चुकून भलत्याला दिलेली वस्तू परत घ्यावी तसं. ट्रक निघून गेला. पुढं रस्त्यावर कुणीच उरलं नाही.

कर्टिस गाडी चालवत राहिला. आर्डिथनं अर्धा मैल कळ काढली.

"गेला तो," ती शेवटी म्हणाली. "आता घे ते बोट खाली."

"असू द्या."

चौक आला. सरळ पुढं पंपाची पाटी दिसत होती. कर्टिसनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडं फिरवलं. रस्ता कोठारापर्यंत मोकळा होता आणि ते बोट अजून तसंच वर होतं.