दर्याचा नारळ

इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटाकडे बोट सुटली, तेव्हा चांगुणाबाईंच्या पिशवीत नारळ होता आणि तो पाण्यात टाकायला टूर गाईड मुग्धानं साफ मनाई केली होती. रेवदंड्याच्या कोळिणीनं परका दर्या ओलांडायचा आणि नारळ द्यायचा नाही? बेटावरचा राणीचा महाल झाला, रंगीत वाळूचे कडे झाले, पण बाईंचं मन कशातच लागेना. उद्या याच दर्यावरून परत जायचं होतं.

संध्याकाळी टूरमधले बाकीचे आइस्क्रीम खात होते, तेव्हा त्या गुपचूप किनाऱ्यावर उतरल्या. नारळाला हळदकुंकू वाहिलं, लाटेवर सोडला, डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडतात तो समोर एक ओलाचिंब कुत्रा, नारळाची शेंडी दातांत धरून शेपूट हलवतोय. बाईंनी नारळ पुन्हा सोडला, त्यानं पुन्हा आणला. मग चांगला लांब भिरकावला, तर गडी आणखीनच खूश.

कुत्र्याचा म्हातारा मालक धापा टाकत आला, मागोमाग मुग्धा. "मावशी, ते माफी मागतायत. तुमची पूजा मोडली का, विचारतायत."

चांगुणाबाई नारळ घ्यायला कुत्र्याजवळ वाकल्या. मग हसल्या. "त्यांना सांग, दर्यानं घेतला, चाखला नि परत धाडला. आता हा परसाद."

नारळ खडकावर फुटला. सगळ्यांच्या हातावर खोबरं पडलं, म्हाताऱ्याच्याही. पहिला तुकडा मात्र कुत्र्याला मिळाला. एवढ्या लांब येऊन दर्याचा दुसरा पुजारी कुठून आणायचा?