सुतळी कोणाकडं

सुतळीचं बंडल सरपंच शंकररावांच्या पोटावर आदळलं आणि अंगणात हशा पिकला. त्यांनी ते कसंबसं सावरलं आणि स्वतःही हसले. आसिमला हसू आलं नाही. यानंतर बंडल आपल्याकडंच येणार, हे त्याला दिसत होतं.

हा खेळ मोताळ्याच्या पंचायत समितीतून आलेल्या मंजुश्री मॅडमनी मांडला होता. ग्रामपंचायतीच्या अंगणात त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं होतं. संडासातून घाण खाली गेली की पुढं तिची जबाबदारी कोणाकोणाची, ते शोधायचं होतं. एकानं आपलं काम सांगायचं, सुतळी हातात धरून ठेवायची आणि बंडल पुढच्या जबाबदार माणसाकडं फेकायचं. शेवटी जमिनीवर नाही, माणसांच्या हातांत नकाशा तयार होईल, असं मॅडम म्हणाल्या. गावाला खेळ फारच आवडला. जबाबदारी दुसऱ्याच्या अंगावर फेकायची सवय गावाला होतीच. आता त्यासाठी सरकारनं सुतळीही पुरवली होती.

घरवाल्यांनी बंडल ग्रामसेवकाकडं फेकलं. ग्रामसेवकानं हात झटकून ते सरपंचांकडं फेकलं. खरं तर संडासाचे खड्डे ज्यानं त्यानं आपल्याच हौसेनं खणले होते. जन्मभर भरू नयेत म्हणून विहिरीसारखे खोल घेतले. पण इथली काळी माती, ती पाणी जिरवते कुठं? एका पावसाळ्यात खड्डे तोंडाशी आले, आणि मग सगळ्या गावाला आसिमची आठवण झाली. आसिमकडं ट्रॅक्टर होता, त्यामागं लोखंडी टाकी आणि उपसायचा पंप होता. गावातले सगळे खड्डे यापुढं त्यानंच उपसावेत, असा ठराव आज याच सभेत व्हायचा होता. त्या ठरावावर त्याचं घर चालणार होतं.

आसिम एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहत होता. टाकी रिकामी कुठं करायची, हे त्यानं पहिल्याच दिवशी शंकररावांना विचारलं होतं. "त्या घोडनाल्यात टाक. तिकडं कोणाचं काही नाही," ते म्हणाले होते. आसिमनं मान डोलावली होती. पुढं एका सकाळी त्याला नाल्याच्या खालच्या अंगाला विहीर दिसली. विहिरीवर बौद्धवाड्यातल्या बाया पाणी भरत होत्या. त्यानं ट्रॅक्टर तसाच वळवला. दुसऱ्या दिवशी मात्र टाकी पुन्हा तिथंच ओतली. दुसरी जागा कोणी दाखवली नाही आणि त्यानंही मागितली नाही. आता बौद्धवाड्यातल्या बेबीताईची सून धम्मशीला काविळीनं बुलढाण्याच्या दवाखान्यात पडली होती. तिला दिवस गेलेले होते. हे ऐकल्यापासून आसिमच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता.

बेबीताई आज आली होती. पण तिच्या घरी ना संडास ना खड्डा, म्हणून गोलात तिला कोणी घेतलं नव्हतं. ती एकटीच ओट्यावर बसून सगळं पाहत होती.

"उपसाचं काम आसिमचं. घे रे!" शंकररावांनी बंडल फेकलं. आसिमनं झेललं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही ते पुढं कुठं नेता?"

इतके दिवस गावानं टाकी गावाबाहेर जाताना पाहिली होती. पुढं ती कुठं जाते, हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. की सुचूनही विचारलं नव्हतं, कोण जाणे.

"गावाबाहेर नेते ना तो, मॅडम," शंकरराव घाईनं म्हणाले. "आसिम, बंडल आता वापस पंचायतीकडं फेक. झाला तुमचा नकाशा." बोलता बोलता त्यांनी डोळ्यांनी खूण केली. लोकांनी टाळ्यांसाठी हात सैल केले.

फेकायला काय लागत होतं? मनगटाला नुसता झटका द्यायचा होता. टाळ्या पडल्या असत्या, ठराव झाला असता आणि आसिम सुखानं घरी गेला असता. त्यानं हात उचलला. तो तसाच वर राहिला. मग तो गोलातून बाहेर निघाला. सुतळी मागं उलगडत होती. तो ओट्यापाशी गेला आणि बेबीताईसमोर उकिडवा बसला.

"मले काऊन आनलं हे?" बेबीताईनं विचारलं. "मी तं खेळात नाही."

"मावशी, मी टाकी घोडनाल्यात सोडतो." आसिम म्हणाला. "ते तुमच्याच विहिरीकडं जाते. मले माहीत होतं. तरी सोडत राह्यलो."

"अबे, काय बोलून राह्यला तू!" मागून शंकरराव ओरडले.

आसिमनं वळून पाहिलं नाही. ठराव गेला, हे त्याला कळलं होतं. आता ही बाई आपल्या थोबाडीत मारेल, असं त्याला वाटलं. मारावं, असंही वाटलं.

बेबीताईनं मारलं नाही. डोळ्यांत आलेलं पाणी तिनं पदरानं पुसलं.

"तुह्या ट्रॅक्टरचा आवाज मी घरात बसून ओयखतो, बाबू. कोणी आपल्या तोंडानं सांगते का, तेच पाहाले आज आली होती."

ती उठून उभी राहिली. गोलातले सगळे सुतळी धरून तसेच थिजले होते. तिनं त्यांच्याकडं एकवार पाहिलं, नजर शंकररावांवर रोखली आणि आसिमपुढं हात पसरला.

"आन ते इकडं. पुढं कोणाकडं फेकाचं, ते मले माहीत हाय."