तहान न लागणाऱ्या बायका

कुमासी शहराच्या बाजारात मेमुना डोक्यावर घमेलं घेऊन पाण्याच्या पिशव्या विकायची. ऊन भाजून काढायचं, पण टोमॅटोवाल्या बायकांच्या रांगेत एकही पिशवी खपत नसे.

“मावशी, तुम्हाला तहान कशी लागत नाही?” तिने त्यांच्यातल्या सेरवामावशीला विचारलं.

“सवय झालीय गं,” मावशी सुकल्या ओठांवरून जीभ फिरवत म्हणाली.

मेमुनाला काही ते कोडं सुटेना.

पुढे त्या बायकांनी विक्री बंद ठेवून बाजार समितीच्या दारातच ठाण मांडलं. अखेर समिती नमली. मागणी पुरी झाली त्या दिवशी मेमुनाचं घमेलं त्याच रांगेत रिकामं झालं.

“आज बरी तहान लागली सगळ्यांना!”

सेरवामावशीने दुसरी पिशवी दातांनी फोडली.

“तहान रोजच लागायची, पोरी. बाजारात बायकांचा संडास आज उघडला.”